गम बायक्रोमेट, नोंद ११ : नारिंगी बाटली रिकामी केली

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फोटोचा गम प्रिंट परवा पूर्ण वाळला. तीन थर दिलेत. आधी पिवळट गेरू, त्यावर निळा आणि शेवटी पातळ काळा. कमानीखालच्या सावलीत कागदाचा खरखरीतपणा आणि डिंकात अडकलेला रंग असे काही एकजीव झालेत की सकाळपासून चारदा जाऊन बघितला. माझ्या हातून झालेला हा सगळ्यात चांगला गम प्रिंट. पोटॅशियम डायक्रोमेट (बायक्रोमेट हे त्याचंच दुसरं नाव, नारिंगी रंगाचं रासायनिक मीठ) वापरून केलेला शेवटचाही हाच. असं का, ते आज सविस्तर लिहितो, कारण तुमच्यातले काही जण या उन्हाळ्यात सुरुवात करणार आहेत.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. बाभळीचा डिंक, जलरंग आणि डायक्रोमेटचं द्रावण एकत्र करून कागदावर फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागतं तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटून जातो. डायक्रोमेट लावलेला कागद उन्हाने बदलतो हे मंगो पाँटन या स्कॉटिश माणसाने १८३९ मध्ये दाखवलं. आतली गोष्ट अशी की डायक्रोमेटमधलं क्रोमियम हेक्झाव्हॅलंट, म्हणजे त्याच्या घातक रूपात, असतं. उजेडात ते डिंकाशी झगडून ट्रायव्हॅलंट, म्हणजे सौम्य रूपातलं, होतं आणि तेच डिंकाला आतून बांधून टाकतं. चित्र उमटतं ते घातक क्रोमियम सौम्य होताना. म्हणूनच जिथे ऊन लागलेलं नाही, म्हणजे बाटलीत, ब्रशवर, ट्रेमधल्या पहिल्या पिवळ्या पाण्यात, तिथे ते अजून घातकच असतं. हे मला पाठ होतं. तरी चुकलो.

डाव्या मनगटावर, घड्याळाचा पट्टा येतो त्याच्या जरा वर, जानेवारीत खाज सुरू झाली. आधी घामोळं वाटलं. मग बारीक पाणीदार पुटकुळ्या, मग कातडी जाड होऊन चिरा. माझे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे आखूड होते. ट्रे हलवताना पाणी काठावरून मोज्याच्या आत उतरायचं आणि तिथेच तासभर मुरायचं. मोजे घातलेत या भरवशावर मी आत बघितलंच नाही.

मिरजेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "सिमेंटचं काम करता का?" सिमेंटमध्येही हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा अंश असतो आणि गवंड्यांच्या हातांना असंच इसब होतं. मी छंद सांगितल्यावर त्यांनी पॅच टेस्ट लावली, म्हणजे ॲलर्जी तपासायला संशयित पदार्थ पट्टीखाली कातडीवर ठेवतात ती. पाठीवर जे लावलं ते व्हॅसलीनमध्ये कालवलेलं अर्धा टक्का पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे माझ्याच कपाटातला पदार्थ! दोन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा त्या एका चौकोनाखाली लाल फुगवटा होता. चौथ्या दिवशीही तो तसाच. एकदा शरीराने ही ॲलर्जी धरली की ती सहसा सुटत नाही. आता घरी प्लास्टरचं काम निघालं तरी मला ओल्या सिमेंटला हात लावता येणार नाही, आणि चामड्याचा पट्टाही जपून निवडावा लागेल.

माझं थोडक्यात निभावलं असं मी मानतो. कातडीवर जखम असेल तर डायक्रोमेटच्या या मिठाने खोल व्रण पडतो, तो फारसा दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. धूळ नाकात जात राहिली तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम माणसात कर्करोग करतं यावर जागतिक पातळीवर शिक्कामोर्तब झालेलं आहे. आणि काही ग्रॅम पोटात गेलं तरी जीवावर बेततं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची आपली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. हे वाचल्यावर ट्रेमधलं पिवळं पाणी मोरीत ओतायला हात धजत नाही. आपल्या मोरीचं पाणी शेवटी कृष्णेलाच जातं.

जे पुढे करणार आहेत त्यांनी एवढं नक्की पाळा. पावडर एकदाच उघडायची. बाहेर, वारा नसताना, एन-९५ मास्क आणि चष्मा लावून, आणि सगळीचं एकदम दहा टक्क्यांचं द्रावण करून टाकायचं. पुन्हा पुन्हा चमच्याने काढायची वेळच येऊ द्यायची नाही. सांडलं तर झाडू नाही, ओलं फडकं. तेच फडकं कचऱ्यात कोरडं पडू द्यायचं नाही, कारण हे मीठ आग भडकवणारं आहे. मोजे कोपरापर्यंतचे घ्या आणि वरची कड बाहेर दुमडा. अमोनियम डायक्रोमेट जास्त वेगाने काम करतं म्हणून त्याचा मोह होतो, पण ते तापलं की स्वतःच पेटत जातं. घरात नकोच. आणि डिंक भिजवायचं पातेलं, गाळायचं फडकं स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. लाडवाचा डिंक आणि हा डिंक दिसायला सारखाच असतो, म्हणून मी माझ्या बरणीवर लाल पट्टी मारली होती.

सांगलीकरांसाठी आणखी एक. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि तळमजले बुडाले. अशी बाटली तळमजल्यावर ठेवायचीच नाही. माझी पहिल्या मजल्यावर, कुलपात होती.

आता बाटली रिकामी करण्याबद्दल. सुमारे ४०० मिली उरलं होतं, म्हणजे ४० ग्रॅम डायक्रोमेट. कुपवाड एमआयडीसीत एका मित्राचं प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवायचं) युनिट आहे, त्यांची पाणी शुद्ध करायची सोय आहे आणि गाळ रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला रीतसर जातो. तो घ्यायला तयार होता, पण नारिंगी पाणी गाडीवरून न्यायची माझी तयारी नव्हती. आधी घरीच ट्रायव्हॅलंट करून न्यायचं ठरलं. माझा भाचा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतोय. सगळं त्याने केलं, मी दोन हात लांब उभा.

आधी ५० मिलीवर हिराकस (फेरस सल्फेट, क्रोमियमला सौम्य करणारं लोखंडाचं मीठ) घालून बघितलं. द्राक्षबागेत पानं पिवळी पडली की फेरस म्हणून देतात तेच, त्यामुळे इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. एक ग्रॅम डायक्रोमेटला पावणेसहा ग्रॅम लागतं, त्याने आठच्या हिशेबाने ४० ग्रॅम टाकलं. पाणी गढूळ तपकिरी झालं. मला वाटलं झालं. त्याने थोडं गाळून, आम्ल करून, डायफिनाइल कार्बाझाइडचा थेंब टाकला; घातक क्रोमियम उरलं असेल तर तो जांभळा होतो. कडेने जांभळी रेघ धरली. "मामा, अजून आहे." पिशवी नीट बघितली तर हिराकस फिकट हिरवं नव्हतंच, पिवळसर भुगा झाला होता. जुनं, हवेने गंजलेलं. त्याच्यात क्रोमियमला द्यायला काही उरलंच नव्हतं.

मग व्हिटॅमिन सीची पावडर, तीही तेच काम करते. एक ग्रॅम डायक्रोमेटला पावणेदोन ग्रॅमपेक्षा थोडं जास्त लागतं. उरलेलं ३५० मिली बादलीत पातळ केलं आणि ८० ग्रॅम हळूहळू ढवळत घातलं. नारिंगीचं आधी शेवाळी झालं, मग काठीभोवती गडद हिरवं फिरायला लागलं, आणि शेवटी बादलीत एकही पिवळी छटा राहिली नाही. थेंब टाकला. जांभळं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा टाकला, तरी नाही. फसलेलं ५० मिली, बाटलीची तीन धुणी, ब्रश, फसलेले प्रिंट, फडकी सगळं त्याच पद्धतीने झालं, दोन झाकणाच्या बादल्या कुपवाडला पोचल्या. चुना घालून क्रोमियम गाळात बसवायचं पुढचं काम तिथे.

मनगट आता बरंच भरलंय, नखाएवढा काळपट डाग उरलाय.

फेरिक अमोनियम सायट्रेट हे उजेडाने बदलणारं लोखंडाचं मीठ मागवून घेतलंय. पुढचा प्रिंट सायनोटाइप, म्हणजे त्या मिठाने होणारा निळा फोटो-प्रिंट; विषय हरिपूरचा संगम. निळा एकच रंग मिळेल, पण कृष्णा-वारणेला तो चालेल असं वाटतं. चाचणीच्या पहिल्या पट्टीला फेब्रुवारीच्या उन्हात नऊ मिनिटं दिली, सावल्या अजून फिक्या आहेत. पुढच्या वेळी बारा मिनिटं देणार आहे.