रानडुकरांचा नकाशा: ऊसतोडीआधी आणि तोडीनंतर

राधानगरी-भुदरगड पट्ट्यातल्या रानडुकरांचा नकाशा, असा विषय मी एमएस्सीच्या प्रबंधासाठी घेतला तेव्हा घरातूनच विचारणा झाली, "त्यात काय शोधायचं? डुकरं तर सगळीकडंच हायेत." सगळीकडं आहेत हे खरं, पण सारखी नाहीत. कुठं जास्त, कुठल्या महिन्यात, दिवसभर दडतात कुठं, हे माहीत नसेल तर रात्रभर जागणाऱ्या माणसानं राखण कुठल्या अंगाला करायची?

पहिल्यांदा हाताशी आले ते पीकनुकसानीचे अर्ज. गावं आणि गट नंबर पाहून ठिपके टाकले तर नकाशा भरगच्च झाला. पण पंचनाम्याला सातबारा लागतो. वाट्यानं रान करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून तो अर्जाच्या वाटेला जात नाही. त्याच्या भुईमुगाची नासाडी कुठल्याच कागदावर येत नाही. आडवळणाच्या वाड्यावस्त्यांचंही तसंच. म्हणजे हाती होता तो डुकरांपेक्षा अर्जदारांचा नकाशा.

युरोपात या कामाला शिकारीच्या नोंदींचा आधार असतो. आफ्रिकन स्वाइन फीवर २००७ मध्ये जॉर्जियात आणि २०१४ मध्ये युरोपीय संघात शिरल्यावर रानडुकरं कुठं किती दाट आहेत हे कळणं तिथं तातडीचं झालं. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांत मरतूक फार. २०२० मध्ये तो आसामातल्या पाळीव डुकरांपर्यंत पोचला, तेव्हा रानातलं आणि गावातलं डुक्कर कुठं एकत्र येतं हा प्रश्न आपलाही आहे. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, त्यामुळं तशा नोंदी नाहीत. उरतात त्या खुणा.

मी सगळ्या पट्ट्याचे दोन किलोमीटरचे चौकोन पाडले आणि अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे चालून काढले. आत संशोधनाला वेगळी परवानगी लागते. प्रत्येक चौकोनात ओढ्याकाठ, बांध, पायवाट असे तुकडे धरून चालायचं आणि खूण दिसली-नाही दिसली दोन्ही लिहायचं. "नाही" लिहिणं फार महत्त्वाचं. त्याच चौकोनात पुन्हापुन्हा गेल्यावर, डुकरं असूनही खूण नजरेतून सुटण्याची शक्यता किती, याचा हिशोब मांडता येतो. तो नसेल तर कोऱ्या चौकोनाला काही अर्थ नाही.

खुणा वाचायला मला एका आक्कांनी शिकवलं. वैरणीला त्या रोज ओढ्याच्या कडेनं जातात. चिखलातला ठसा दाखवून म्हणाल्या, "पोरी, पुढची दोन नखं बघून हरीण म्हणू नको. मागं बघ." दोन खुरांच्या मागं, जरा बाहेरच्या अंगाला, आणखी दोन छोटे टोचे होते. डुकराचे ते मागचे खूर ठशात बहुतेक उमटतातच. वर लोळणीचं डबकं, शेजारच्या झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळलेला चिखल आणि सालीत अडकलेले राठ केस. डुकराला घाम येत नाही, अंग थंड ठेवायला चिखल लागतोच. म्हणून उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारा ओढा म्हणजे नकाशातली मोठी खूण.

उसात मात्र जपून बघावं लागतं. कोल्हाही ऊस चघळतो, साळिंदरही बुडखा कुरतडतं. साळिंदराच्या दातांच्या स्वच्छ खाचा दिसतात. डुक्कर बुडातून ऊस आडवा करतं, चावून चोथा टाकून देतं, आणि आजूबाजूची माती नाकानं उकरलेली असते. गवा असेल तर वरचा पाला गेलेला असतो.

मग संगणकाचं काम. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरपर्यंत बारकाई असते. पण एकाच तारखेचं चित्र घेतलं तर उभा ऊस आणि गर्द झाडी दोन्ही हिरवीगार. वर्षभराची चित्रं एकापुढं एक लावली तेव्हा फरक पडला: तोड झाली की उसाचं रान एकदम उघडं पडतं, झाडी तशीच राहते. त्यात चढ-उतार, ओढे आणि वस्तीपासूनचं अंतर हे थर घातले.

आणि इथंच मला या कामातली खरी गोष्ट सापडली, असं मी ठामपणे म्हणेन. दिवाळीच्या आधी खुणा नदीकाठच्या उसाच्या फडांपर्यंत खाली उतरलेल्या होत्या. फड म्हणजे डुकरांना घरही आणि जेवणही, दिवसभर आत कुणी फिरकत नाही. गाळप हंगाम सुरू झाला, तोडणीच्या टोळ्या आल्या, तसतसे कळप न तुटलेल्या फडांत, ओघळींच्या झुडपांत आणि डोंगराच्या अंगाला सरकले. शेवटी तुटणाऱ्या फडाच्या मालकाला वाटतं डुकरं अचानक वाढली. ती चहूकडून त्याच्याकडं गोळा झालेली असतात. म्हणून मी एक नकाशा न देता दोन दिले, तोडीआधीचा आणि तोडीनंतरचा.

"एकूण डुकरं किती?" हे सगळेच विचारतात. तो आकडा मी दिला नाही. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, तसं एक डुक्कर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. कॅमेऱ्यात दहा फोटो आले म्हणजे दहा डुकरं नव्हेत. फोटोंवरून घनतेचा अंदाज काढायची पद्धत आहे, पण तिला कॅमेरे भरपूर लागतात आणि जनावर किती वेगानं, किती चालतं हेही माहीत असावं लागतं. अंदाजपंचे आकडा दिला तर उद्या त्यावर मारण्याचे निर्णय होतील. वावर कुठं आहे एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

दोन्ही नकाशे आता गावात दिलेत. राखणीच्या पाळ्या लावताना आणि झटका मशीन, म्हणजे तारेच्या कुंपणातून विजेचा हलका झटका देणारं यंत्र, कुठल्या बांधाला बसवायचं ठरवताना तोडीनंतरचा नकाशा आधी बघा, असं सांगून आले. पुढं गगनबावड्याकडचे चौकोन घ्यायचे आहेत. तिथल्या पावसात ठसे टिकत नाहीत, त्यामुळं परवानग्या काढून कॅमेरेच लावावे लागतील.