जत्रेच्या चित्रातला पिवळा झेंडा

उभा पाळणा, रेवड्यांचं दुकान, कुस्तीचा फड, तमाशाच्या कनातीबाहेर ताटकळलेली पोरं. नांदेडकडचे एक निवृत्त गुरुजी हे जुनं लिथो, म्हणजे दगडी छापाचं चित्र दुरुस्तीला घेऊन आले. “मॅडम, ही आमची माळेगावची जत्रा.” मी मान डोलावली. छापखानेवाले अशी चित्रं मुलूखभर खपावीत म्हणूनच काढत. ज्याला त्याला आपलीच जत्रा दिसते.

मागची लाकडी फळी काढायची आणि कसरीनं खाल्लेल्या कडा भरायच्या, एवढंच काम होतं. पाळण्याच्या शेंड्यावर पिवळा झेंडा, मधोमध पांढरा गोल. हैदराबादच्या निजामांचा आसफजाही झेंडा, आणि तो गोल म्हणजे कुलचा, एक गोल रोटी. संत निजामुद्दीन औरंगाबादींनी पहिल्या निजामाला पिवळ्या फडक्यात कुलचे दिले, त्यानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य, असं आमच्या शहरात सांगतात.

फळी निघाल्यावर कागद लाइट बॉक्सवर, खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवला आणि त्या गोलात आरे दिसले. शेजारी चाती. चरखा! ओला कापूस झेंड्याच्या कडेला टेकवला तर पिवळा लगेच उतरला, खालचा केशरी जागचा हलला नाही. लिथोची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. वरचा रंग घरीच फासलेला.

1921 च्या चरख्याच्या झेंड्यात वरची पट्टी पांढरी होती. केशरी वर आला 1931 मध्ये, आणि 22 जुलै 1947 ला संविधान सभेनं चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतलं. चित्र या मधल्या काळातलं. तेव्हा निजामाच्या राज्यात भिंतीवर तिरंगा म्हणजे पोलिसांना आवतण. त्या घरातल्या कुणीतरी भलतंच डोकं चालवलं होतं. चाकाचा परीघ राखून आरे तेवढे पांढऱ्यानं बुजवले, भोवती पिवळा भरला. चरख्याचा कुलचा झाला आणि चित्र भिंतीवरच राहिलं.

गुरुजींना पिवळा पुसून हवा होता. “17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत लावायचंय, तिरंगाच दिसू द्या.” मी नकार दिला. पुसणं अवघड नव्हतं. पण बाकी सगळं चित्र छापखान्याचं, त्या घराचं म्हणावं असं त्यात एवढंच. वाद बराच झाला. चहा दोनदा झाला. शेवटी लाइट बॉक्सवरचा फोटो शेजारी लावायचं ठरलं. तो मूळ चित्रापेक्षा मोठा हवा, ही गुरुजींची अट मी मान्य केली.