गाणे सुरू होण्याआधीची पाच मिनिटे

नायजेरियाचे गायक-संगीतकार फेला कुटी यांची ‘झॉम्बी’ ही १९७६ सालची रचना मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा गाणे सुरू होण्याची वाट पाहत राहिले. बारा मिनिटांहून थोडी अधिक लांबी, आणि त्यातली सुमारे पाच मिनिटे गायकाचा आवाजच येत नाही. आधी गिटार, मग ड्रम आणि बास, मग ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा, त्यानंतर फेलांचा सॅक्सोफोन. त्या वेळी मला ती लांबलेली प्रस्तावना वाटली होती. आज मात्र जाझ आणि पश्चिम आफ्रिकेचे संगीत एकमेकांत कसे मुरले हे समजून घ्यायचे असेल, तर या पाच मिनिटांपाशीच थांबावे, असे मी मनापासून सांगेन.

नायजेरियातील अबेओकुटा येथे १९३८ साली जन्मलेले फेला १९५८ साली लंडनला गेले. घरच्यांची अपेक्षा वैद्यकीय शिक्षणाची होती, पण त्यांनी ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात नाव घातले. तेव्हा त्यांच्या हातात ट्रम्पेट होता. १९६३ साली ते लेगॉसला परतले आणि त्यांनी जाझ वाजवून पाहिले, परंतु शहराला नाचायला हवे होते ते ‘हायलाइफ’, म्हणजे घाना-नायजेरियातल्या नाचघरांचे गिटार आणि ट्रम्पेटचे संगीत. म्हणून ‘कूला लोबिटोस’ या त्यांच्या वाद्यवृंदाने हायलाइफमध्ये जाझ मिसळायला सुरुवात केली. या काळातली ध्वनिमुद्रणे मला आवडतात, पण त्यांत दोन्ही संगीतांचा सांधा दिसतो. तालाचे अंग हायलाइफचे आणि वरचे नक्षीकाम जाझचे, असा तो जोड आहे.

१९६९ साली हा वाद्यवृंद अमेरिकेला गेला. तिथे कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी फेलांचा जवळून परिचय झाला आणि आपण आफ्रिकी असून आफ्रिकेबद्दल काहीच वाजवत नाही, ही बोच त्यांना लागली. परतल्यावर वाद्यवृंदाचे नाव आधी ‘नायजेरिया ७०’ आणि पुढे ‘आफ्रिका ७०’ झाले. मला नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो मांडणीतला बदल. स्वरसंगतींची (कॉर्ड्सची) सारखी चालणारी ये-जा थांबली, रचना एका-दोन स्वरसंगतींवर ठाण मांडून दहा-पंधरा मिनिटे चालू लागल्या आणि ऐकणाऱ्याचे लक्ष आपोआप तालाच्या विणीकडे वळले.

लहानपणी तबला शिकत असताना आमचे गुरुजी लेहरा धरायला लावत. आवर्तनामागून आवर्तन तीच सुरावट, न वाढवता, न सजवता. ती स्थिर राहते म्हणून तबला मोकळा सुटतो. आफ्रिका ७० मधील टेनर गिटार ऐकताना मला तो लेहरा आठवतो. फरक इतकाच, की तबलावादनात लेहरा धरणारा एकच असतो आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण आपापला लेहरा धरून बसलेला असतो. टेनर गिटारचा एक, साथीच्या गिटारचा दुसरा, बासचा तिसरा. तीन काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), लाकडी दांडक्यांचा ठोका आणि भोपळ्याभोवती मण्यांची जाळी विणलेला शेकेरे यांचे आणखी वेगळे. प्रत्येकाचा तुकडा इतका लहान असतो, की सुटा ऐकला तर त्यात काहीच नाही असे वाटावे. पण त्यांच्या सुरुवाती वेगवेगळ्या मात्रांवर पडतात, आणि एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो. नायजेरियातील योरूबा लोकांच्या ढोलवादनातही असेच असते: साथीचे ढोल आपापली बंदिस्त बोली सोडत नाहीत आणि मुख्य ढोल त्यांच्यावर बोलतो.

हे सगळे तुकडे फेला स्वतः रचून एकेका वादकाला देत असत. अपवाद फक्त टोनी ॲलन यांचा. आपले ड्रमवादन ते स्वतः घडवत. १९६४ पासून ते फेलांबरोबर होते. आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या अमेरिकी जाझ ड्रमवादकांना ऐकत ते ड्रम शिकले होते. त्यांचा डावा पाय हाय-हॅटच्या झांजा बोलत्या ठेवतो, उजव्या पायाचा मोठा ड्रम अपेक्षित जागा टाळून पडतो, आणि स्नेअर या छोट्या ड्रमवर मध्येच इतके हलके आघात येतात, की ते कानापेक्षा अंगालाच आधी कळतात. चारही अवयव चार वेगळ्या गोष्टी सांगत असूनही आवाज कुठेही चढत नाही. जाझ आणि पश्चिम आफ्रिका यांच्यातला सांधा जिथे खरोखर नाहीसा झाला ती जागा सॅक्सोफोनची नसून ॲलन यांच्या आसनाची आहे, असे मी मानते.

मग सॅक्सोफोनचे काय? १९७३ साली टेनर सॅक्सोफोन वाजवणारे इगो चिको निघून गेले, आणि फेलांनी ते वाद्य स्वतःच हाती घेतले. पस्तिशीच्या उंबरठ्यावर घेतलेले वाद्य ते. त्यांना जाझचे थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या शेजारी उभे करू नये. त्यांचे वाक्य छोटे असते, ते पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी शेवटाला किंचित वळते. योरूबा भाषेत स्वराच्या उंचीनुसार शब्दाचा अर्थ बदलतो, आणि हा सॅक्सोफोन मला तशाच बोलण्याच्या वळणाने जाणारा वाटतो. खाली एवढी घट्ट वीण असताना फार बोलणारा वादक तिथे खुपला असता. वाद्यवृंदात जाझची सफाई ऐकायची असेल तर टुंडे विल्यम्स यांचा ट्रम्पेट ऐकावा.

पाच मिनिटांनी आवाज येतो तो पिजिन इंग्रजीत, म्हणजे स्थानिक भाषांत मिसळलेल्या बोली इंग्रजीत. फेला एक ओळ टाकतात आणि साथीच्या गायिका ती उचलून धरतात. शाहिराने ओळ सोडावी आणि झीलकऱ्यांनी ती झेलावी, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘झॉम्बी’ ही आज्ञेवर चालणाऱ्या सैनिकांवरची थेट टीका होती. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी फेलांचे ‘कलाकुटा’ हे घर जाळले, त्यांच्या आईला खिडकीतून खाली फेकले, आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या.

१९७८ च्या बर्लिन जाझ महोत्सवानंतर पैशांवरून वाद झाला, बरेच वादक निघून गेले, आणि ॲलनही दूर झाले. ज्यांच्या हातापायांवर ही इमारत उभी होती त्यांना श्रेय आणि मोबदला दोन्ही कमी मिळाले, याचे मला फेलांचे सगळे मोठेपण मान्य करूनही वाईट वाटते. पुढचा वाद्यवृंद ‘इजिप्त ८०’ अधिक मोठा आणि अधिक भारदस्त झाला, रचना अर्ध्या तासापर्यंत लांबल्या, पण ड्रमची ती हलकी चाल मला त्यात फारशी सापडत नाही.

१९९७ साली फेला गेले तेव्हा धाकटा मुलगा शेऊन चौदा वर्षांचा होता. इजिप्त ८० त्याच्या हाती आला आणि तोही सॅक्सोफोनच वाजवतो. त्याच्या पाठीशी लेकन ॲनिमाशॉन उभे राहिले. हे कूला लोबिटोसपासूनचे बॅरिटोन, म्हणजे खर्जाच्या सॅक्सोफोनचे वादक. हे वाद्य सहसा पुढे येत नाही. ताफ्याच्या तळाशी राहून तोच जाड स्वर ठरलेल्या जागी टाकत राहते. हल्ली ‘झॉम्बी’ लावताना मी एकच वाद्य निवडते आणि शेवटपर्यंत त्याचा पाठलाग करते. गेल्या आठवड्यात बॅरिटोन धरला होता, आणि पाच मिनिटे कधी सरली ते कळले नाही.