नावाचा कॉलम उडवला, मग?

मी पुण्यात डॅशबोर्ड बनवायचं काम करते. कुणाच्या विक्रीचे, कुणाच्या रजेचे, पगाराचे आकडे गोळा करायचे, साफ करायचे आणि साहेब लोकांना क्लिक करून बघता येतील असे मांडायचे, ऑफिसात याला बीआय म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी कर्मचाऱ्यांच्या सर्वेचा डॅशबोर्ड केला. सर्वे अनामिक आहे असं लोकांना सांगितलेलं. नाव नाही, एम्प्लॉयी कोड नाही, ईमेल नाही. मीटिंगमध्ये तिथल्या एका मॅनेजरनी सहज फिल्टर लावले, अमुक डिपार्टमेंट, महिला, नोकरी 15 वर्षांच्या वर, आणि स्क्रीनवर उरला एक. एकच प्रतिसाद, आणि खाली तिने वरिष्ठांबद्दल मोकळेपणाने लिहिलेल्या चार ओळी. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं कोण ते. आठवलं की आजही पोटात गोळा येतो, कारण ते फिल्टर डॅशबोर्डमध्ये मीच बनवून दिले होते.

फोन आपलं बोलणं ऐकतो का यावर लोक तासनतास बोलतात, पण माझ्या मते खरा घातक गैरसमज हा आहे, की नाव काढलं म्हणजे माहिती कुणाचीच राहत नाही. आमच्या धंद्यातले लोकसुद्धा हे मनापासून मानतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी 90 च्या दशकात संशोधकांना दिल्या गेल्या, नावपत्ते काढून, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवून. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी खात्री दिली होती की कुणाची ओळख उघड होणार नाही. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी गव्हर्नर राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या जोडून बघितल्या. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यातले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारे एकटे तेच. खुद्द गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद सापडली! पुढे स्वीनी यांनीच हिशोब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतले 87 टक्के लोक एकेकटे ओळखता येऊ शकतात.

आपल्याकडे काय होईल? समजा एका पिनकोडात एक लाख माणसं. जन्माची 80 वर्षं गुणिले 365 दिवस गुणिले 2 लिंगं, म्हणजे 58,400 कप्पे झाले, एका कप्प्यात सरासरी दोन माणसं पण येत नाहीत. (आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेले मात्र खूप आहेत, माझे वडील त्यातलेच, ते या हिशोबात गर्दीत लपतात.) वर व्यवसाय किंवा आजार असा अजून एक कॉलम असला की संपलंच.

आणि आपल्याकडे जन्मतारखेचीही गरज पडत नाही, कारण आपण सगळीकडे मोबाईल नंबर देतो. मागच्या महिन्यात आईबरोबर मेडिकलमध्ये गेले होते, बीपीच्या गोळ्या घ्यायला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, काकू मोबाईल नंबर सांगा, आणि आईने सगळे दहा आकडे मोठ्याने सांगून टाकले, मागे रांग उभी असताना. बाहेर आल्यावर म्हटलं, अगं कशाला दिलास? तर म्हणे, आपल्याकडे काय आहे लपवण्यासारखं. मी तिला कसं सांगू की लपवण्याचा प्रश्नच नाहीये. गोळ्यांची यादी एकीकडे, किराणा दुसरीकडे, विम्याची चौकशी तिसरीकडे, आणि ह्या तिन्हींना जोडणारा धागा म्हणजे ते दहा आकडे. एका ओळीच्या क्वेरीत होतं ते काम, मी रोज करते. बिलासाठी ग्राहकाकडे नंबराचा हट्ट धरू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना सांगितलंय, पण काउंटरवर कुणाला माहीत आहे?

यावर माझे इंजिनियर मित्र म्हणतात, नंबर हॅश करायचा, म्हणजे त्याचं अगम्य अक्षरांत रूपांतर करायचं. पण एका नंबराची अक्षरं दर वेळी तीच येतात. न्यूयॉर्कमध्ये 2014 साली टॅक्सीच्या 17 कोटींहून जास्त फेऱ्यांची माहिती अशीच हॅश करून बाहेर दिली गेली, पण टॅक्सी नंबरांचे प्रकार ठरलेले, त्यामुळे शक्य तेवढे सगळे नंबर हॅश करून जुळवून बघितले आणि खरे नंबर उघडे पडले. आपले मोबाईल नंबर 6, 7, 8, 9 ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त 400 कोटी. माणसाला प्रचंड वाटतात, पण नुसता साधा हॅश असेल तर कॉम्प्युटरला ते फार नाहीत.

त्या मीटिंगनंतर मी माझ्या प्रत्येक डॅशबोर्डमध्ये एक अट घालते. फिल्टर लावून दहापेक्षा कमी माणसं उरली तर आकडा दिसतच नाही, आणि लोकांनी लिहिलेला मजकूर तर मी घेतच नाही. एवढ्याने सगळं सुटत नाही, दोन बेरजांची वजाबाकी करून (सगळ्या टीमची बेरीज वजा एक जण सोडून बाकीच्यांची) एक माणूस काढता येतो, त्यासाठी अजून वेगळी काळजी घ्यावी लागते. पण निदान सहज म्हणून केलेल्या क्लिकवर कुणी उघडं पडत नाही.

गेल्या आठवड्यात एका क्लायंटचा मेल आला, ही अट काढा, आम्हाला छोट्या टीम बघायच्यात. मी नाही म्हणून कळवलंय, कारणासकट. उत्तर अजून आलेलं नाही.