लग्न फुकेतला, धावपळ कोल्हापुरात

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात आणि साधारण त्याच सुमारास थायलंडातल्या फुकेतचा पाऊस ओसरतो. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडचे कोरडे दिवस. त्यामुळे किनाऱ्यावरच्या लग्नाची पत्रिका बहुधा याच काळातली असते, आणि विमानाचं तिकीटही याच काळात चढं असतं. पत्रिकेवर कोह सामुई असेल तर मात्र थांबा. बेट थायलंडचंच, पण पलीकडच्या आखातातलं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. यजमानांनी मांडवावर छत घेतलंय का, हे आधीच विचारलेलं बरं.

पत्रिका हातात पडली की साडीच्या आधी पासपोर्ट काढा. पोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने मुदत हवी. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, पोरांचा पाचच, आणि घोळ होतो तो इथेच: आई-बाप निर्धास्त, पोराचा संपलेला. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला पळायची गरज नाही. मोठ्यांसाठी ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. अपॉइंटमेंट आणि पोलीस पडताळणी धरून दोन महिने हाताशी ठेवा.

दुसरा घोळ नावांचा. तिकिटं यजमानांचा एजंट काढतो आणि त्याच्याकडे नावं जातात व्हॉट्सॲप ग्रुपवरून. तिथे कुणी नुसतं ‘आक्का’, तर कुणी सासरचं नाव लिहिलेलं. पासपोर्टवर मात्र माहेरचं. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो पाठवा, नाव टाइप करून पाठवू नका. लग्न दुबईत असेल तर आणखी एक बघा. काही जुन्या पासपोर्टांत आडनावाची जागा कोरी असते. त्यात नावही एकाच शब्दाचं असेल, तर अमिरातीत पर्यटकाला अडवू शकतात.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवस व्हिसामाफी दिली. पण अशा सवलती तिथलं सरकार बदलत असतं, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाची साइट बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नव्हे. त्यात हॉटेलचा पत्ता लागतो, तो यजमानांकडून आधीच घेऊन ठेवा. आज्जी-आजोबांचं कार्ड घरातल्या एका पोराने बसून भरावं.

आता दागिन्यांचं. आपल्या बायका साज, ठुशी घातल्याशिवाय लग्नाला उभ्या राहणार नाहीत, मग मांडव गंगावेशीत असो नाहीतर समुद्रावर. सोनं नेताना फारसं कुणी अडवत नाही, प्रश्न येतो परतताना: हे इथूनच नेलेलं, हे दाखवायचं कशाने? त्यासाठी निघतानाच मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. अधिकारी दागिना प्रत्यक्ष बघतो, म्हणून तो हातातल्या पिशवीत हवा. मोठी बॅग काउंटरवर दिली आणि साज त्यातच राहिला, तर सर्टिफिकेट विसरा. सोबत पावती ठेवा. आज्जीच्या दागिन्याची पावती कुठून असणार? मग सरकारमान्य व्हॅल्यूअरकडून मूल्यांकन करून घ्या आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो जोडा.

साजाबाबत एक बारकावा गुजरीतला कोणताही सोनार सांगेल. त्यात सोन्याच्या पत्र्याआड लाख भरलेली असते, त्यामुळे काट्यावरचं वजन वेगळं आणि सोन्याचं वजन वेगळं. कागदावर एकूण आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं लिहून घ्या, म्हणजे परतताना काट्यावर आकडा जुळला नाही म्हणून वाद नको. माझं स्पष्ट मत विचाराल तर मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या ठेवा, बाकी एक ग्रॅमचं न्या. फोटोत फरक कळत नाही आणि हॉटेलच्या तिजोरीपाशी पहारा द्यावा लागत नाही.

ओटीचं सामान हा पाहुण्यांनी वाटून न्यायचा विषय, आणि त्यातलं निम्मं विमानात चालत नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी तेलकट, चटकन पेट घेणारी, म्हणून बंदी. कापूर आणि काडेपेटीचंही तेच. नारळ, केळीची पानं, विड्याची पानं, झेंडू हे सगळं थायलंडात ढिगाने मिळतं. तिथल्या डेकोरेटरला सांगितलं की झालं. इथून ताजी फुलं नेलीत तर तिकडे काढून घेतील, म्हणून मुंडावळ्या मोत्यांच्याच घ्या. सुपारी, हळकुंडं, अक्षता पाकीटबंद न्या. दुबईला जाताना रुखवताच्या अनारशांवर खसखस नको. तिथे खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि विड्याची पानंही चालत नाहीत. नवरदेवाची लिंबू खोचलेली कट्यार इथेच ठेवा, तिकडे लाकडाची करून घेता येते.

कांदा-लसूण चटणी न्या, पण कारखान्यात सील केलेलं पाकीट. घरच्या डब्याचं झाकण विमानात सैल होतं आणि तेल थेट पैठणीवर उतरतं. सुकं मटण, रस्सा वगैरे हौस इथेच भागवा, मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. शाकाहारी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं की तिथे भाजीतही सर्रास फिश सॉस पडतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ) अशी खूण असलेल्या दुकानात मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण काहीच नसतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची तिथे सोय होते.

कोल्हापुरी चप्पल रिसेप्शनला घाला, वाळूत नको. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं खारं पाणी पितं, फुगतं, वाळलं की कडक होऊन अंगठ्याला चावतं, आणि ओलं असताना त्याचा रंग पायाला लागतो तो वेगळाच. किनाऱ्यावरच्या विधींसाठी रबरी चप्पल असू दे. फेट्याचं कापड न्या आणि बांधणारा हात सोबत आहे ना, तेवढं बघा.

प्रवासात फसगत होते ती तारखेने. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून परदेशी विमान नाही, मुंबई गाठावीच लागते. तिकिटावर १२ तारखेला रात्री १२.४० असेल, तर कोल्हापूर ११ च्या सकाळीच सोडायचं. हायवेला सहापदरीकरणाची वळणं आहेत, रस्त्याने नऊ-दहा तास धरा आणि विमानतळावर चार तास आधी पोचा. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर बहुधा सुटण्याआधी एक तास बंद होतो. कोल्हापूर-मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर ते रद्द झाल्यावर पुढचं विमान कुणी थांबवत नाही. विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस उत्तम.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, २७,००० एमएएचच्या आतली. गोळ्या मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या गोळ्या आणि पुडीतलं चूर्ण यांवर जास्त विचारणा होते. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर कोल्हापूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, फी १,००० रुपये. दुचाकीचा परवानाच नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

आहेर तिकडे नेऊ नका. भारतातून २५,००० रुपयांहून जास्त भारतीय नोटा नेता येत नाहीत, आणि पाकिटांचा गठ्ठा नवरा-नवरीने परत आणायचा म्हणजे त्यांनाच ताप. केळवणाला द्या, नाहीतर इथल्या स्वागत समारंभात. बहुतेक घरं तो ठेवतातच, कारण सगळी भावकी काही फुकेतला जात नाही.