अर्ध्या टाकीवर रुसणारी फोर्ड

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की जमलेल्यांपैकी निम्मे कार्बोरेटरकडे बोट दाखवतात आणि उरलेले 'व्हेपर लॉक' (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) म्हणून मोकळे होतात. माझ्या हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीच्या, वाट्याला दोन्ही निदानं आली. गाडी १९३२ ची फोर्ड, मडगार्ड काढलेली, फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) व्ही-८ इंजिन आणि वर दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्बोरेटर. हळू चालवली तर काही तक्रार नाही. मोकळ्या रस्त्यावर जरा पाय दाबला की आधी गचके, मग फटफट, मग सगळं ठप्प. थोडा वेळ थांबून स्टार्टर मारला की जणू काही झालंच नाही अशी सुरू!

व्हेपर लॉकचा संशय तसा वेडगळ नव्हता. या इंजिनात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जातात, त्यामुळे ते मुळातच तापट. आधीच्या मॉडेल ए मध्ये टाकी काचेच्या पुढे उंचावर होती, पेट्रोल आपलं आपण उतरायचं, पंपाची गरजच नव्हती. ३२ साली टाकी पार मागे गेली आणि इंजिनावर बसलेल्या पंपाला तिथून पेट्रोल ओढून आणायची नोकरी लागली. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं, आणि हल्लीचं पेट्रोल तसंही लवकर उडणारं. नळीत वाफ झाली की पंप नुसता हापसत बसतो. यावरचा जुना उपाय म्हणजे नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावणे. लोक आजही निष्ठेनं लावतात. लाकडातून उष्णता धड वाहत नाही, मग नळी थंड कशी होते, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मला खटकत होतं ते वेगळंच. गाडी गार सकाळीही बंद पडायची, आणि टाकी फुल असताना कधीच नाही.

आधी टाकीचं झाकण सैल करून चालवली. टाकीत हवा शिरायची वाट बुजली असेल तर आत निर्वात होऊन अगदी हीच लक्षणं दिसतात. फरक पडला नाही. पंपाच्या पुढे गेज लावला तर आयडलला २ पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे स्ट्रॉम्बर्गला हवा तेवढा. पंप चालवणारा पुशरॉड (ढकलदांडा) झिजला की स्ट्रोक कमी होतो, म्हणून तोही काढून पाहिला. ठीक होता. 'इलेक्ट्रिक पंप टाक आणि मोकळा हो' हा सल्ला मी मुद्दाम मानला नाही. बाजारातले बरेच पंप ४ ते ७ पीएसआय देतात. ९७ मधली पेट्रोल अडवणारी निडल अडीच-तीनच्या वर तग धरत नाही, कार्बोरेटर ओसंडतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. दाब कमी करणारा रेग्युलेटर नसेल तर तो पंप म्हणजे आगीला आवतण.

मग पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि इंजिन रेस केलं. बुडबुड्यांची माळच! तोच तुकडा मागे टाकीपाशी नेऊन लावला, तिथेही माळ. म्हणजे मधल्या लाइनला दोष नाही, हवा टाकीच्या आतूनच येत होती.

टाकीची वरची प्लेट खोलून पिकअपची, म्हणजे आतून पेट्रोल उचलणारी, नळी बाहेर काढली. खालचा भाग चकचकीत, पण मध्यावर गंजाचा तांबडा पट्टा. नखानं खरवडलं तर पापुद्रा सुटला आणि खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं, एकाखाली एक. टाकी भरलेली असताना भोकं पेट्रोलात बुडलेली, त्यामुळे कळायचं नाही. पातळी अर्ध्यावर आली की नळी तिथून हवा ओढायची. हळू चालवताना इंजिनाची भूक कमी, पेट्रोल-हवेच्या त्या भेसळीवरही पंप कार्बोरेटरच्या वाट्या कशाबशा भरायचा. वेग वाढला की पुरवठा तोकडा. थांबल्यावर सुरू व्हायची तीही याच कारणानं, म्हणजे सुरुवातीला इंजिनाची भूक कमी म्हणून, इंजिन गार झालं म्हणून नव्हे. पण त्या थांबण्यानंच सगळे व्हेपर लॉकच्या मागे लागले होते.

नळी सांधत बसलो नाही, स्टेनलेसची नवी वाकवून घेतली. टोक तळापासून अर्धा इंच वर ठेवलं, म्हणजे खालचा गाळ ओढला जाणार नाही. टाकी धुतली तेव्हा गंजाची भुकटी बरीच निघाली. रबरी होजही बदलले. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुनं रबर आतून फुगतं, त्याचे कपचे सुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. कुणाला टाकीच सांधायची असेल तर घरी अजिबात करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

ती पारदर्शक नळी मात्र त्याच दिवशी काढून टाकली. पेट्रोल आणि उष्णतेनं तसलं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. ती तपासणीपुरतीच.