आमची वाटचाल : जुन्या आउटबोर्डच्या पायावर विजेची मोटर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची सुरुवात मोटर रिवाइंडिंगने झाली. नावाड्यांची पेट्रोल आउटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला बाहेरून अडकवायची इंजिने, दुरुस्तीला येत. बऱ्याचदा वरचे डोके निकामी आणि खालचा पाय, म्हणजे शाफ्ट, गिअर, पंखा, धडधाकट. त्या पायावर ४८ व्होल्टची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर चढवणे हाच आता मुख्य धंदा. गंगापूर धरणाचे पाणी नाशिक पिते. तिथे टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा तवंग का नको, हे गिऱ्हाइकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मोटर बाजारात मिळते, खरे काम कपलिंगचे, म्हणजे मोटर आणि पायातला शाफ्ट जोडण्याचे. जुन्या क्रँकशाफ्टचे खालचे टोक कापायचे, त्यातली स्प्लाइन (पायातला शाफ्ट अडकतो ते दाते) तशीच ठेवून लेथवर मोटरच्या शाफ्टला जुळणारी की-वे (चावीची खाच) काढायची. मधली प्लेट १२ मिमी अ‍ॅल्युमिनियमची. डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून मध्य जुळवल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत; शाफ्ट जराही वाकडा फिरला की वरचे ऑइल सील आधी जाते. एअर-कूल्ड मोटरला पाण्याचा पंप लागत नाही, म्हणून पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे चक्र) काढतो. पंपाची बैठक मात्र काढायची नाही, कारण बऱ्याच पायांत शाफ्टचे सील तिच्यातच असते.

वेगाबद्दल गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घेतो. मोटर ३००० आरपीएम, गिअर २.०८ ला १, म्हणजे पंखा साधारण १४४० ने फिरतो. ७ इंच पिचला, म्हणजे पंखा एका फेऱ्यात ७ इंच पुढे सरकतो असे धरून, कागदावर ताशी १५ किमी येतात. घसर (पंखा पाण्यात निसटून वाया जाणारा वेग) वजा जाता १० च्या आसपास. सोळा फुटी होडीची मर्यादाही तेवढीच. ताशी ६ किमीवरून ९ वर जायला ताकद जवळजवळ साडेतीनपट लागते. आमचा सल्ला निवांत चालवण्याचा : १ किलोवॅटला ५१.२ व्होल्टवर (४८ व्होल्ट वर्गाच्या एलएफपी बॅटरीचा हाच नेमका व्होल्टेज) साधारण २० अँपिअर, म्हणजे १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी ८० टक्के वापरली तर चार तास.

२ किलोवॅटपर्यंत १६ चौरस मिमी तांब्याची केबल आणि बॅटरीच्या प्लसजवळच ६० अँपिअरचा डीसी फ्यूज. प्रीचार्ज रेझिस्टर, म्हणजे सुरुवातीला करंट हळूहळू सोडणारा रोधक, टाळू नका. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम भरले की कॉन्टॅक्टरचे (बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात, मग आणीबाणीचा किल स्विच ओढूनही मोटर थांबत नाही.

रिव्हर्सला ताकद निम्म्याहून कमी ठेवतो. पंख्याचा रेटा झेलणारी पायातली थ्रस्ट बेअरिंग मुख्यतः पुढच्या रेट्यासाठी असते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाखाली इंचभर हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो : आवाज वाढतो, होडी नाही.

गोदावरीत पानवेली हा वेगळाच ताप. वेल आणि जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळून सीलच्या ओठात घुसतो. त्यामुळे दर फेरीनंतर पंखा काढून शाफ्ट पुसा. मोसमात एकदा खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल पाहा. दुधाळ दिसले तर सील गेले, होडी पुन्हा पाण्यात घालण्याआधी ते बदला.